पाठीवरचा आकडा

जोहर उरकून असर व्हायला अवकाश होता.
सतरंज्यांच्या कडा सारख्या करत
दस्तगीर शिकलगार म्हणाले,
"या बाई. आता तासभर जागा तुमची."
आणि वीजबिल आठवून पंखा बंद केला.

मेहराबीपुढे मी उकिडवी बसले,
हातात लाकडी हातोडी, कानामागे खडू.
चिनी मातीच्या दोनशे अकरा टाइल्स.
निळ्यावर पांढरी वेल, वेलीला फळ नाही,
नुसतं वळण, वळणातून दुसरं वळण,
कुणी लांबलचक वाक्य सुरू करावं
आणि क्रियापद भिंतीपलीकडे ठेवावं, तसं.

टक. टक. भरीव.
टक. पोकळ. खडूची फुली.
चाचांचा उजवा कान गेलेला.
ते तळवा टेकवतात, डोळे मिटतात,
"हीपण सुटलीय," म्हणतात, माझ्या हातोडीच्या आधी.
वडील कात्र्यांना धार लावायचे त्यांचे.
धार बोटाला कळते म्हणाले, डोळ्याला उशिरा.

गुडघ्याच्या उंचीवर एक टाइल परकी.
कुणीतरी न्हाणीघरातली उरलेली चिकटवलेली,
गुलाबी, कोपऱ्यात बदक.
तीस वर्षं भवानी पेठेतली पोरं
रुकूतून उठताना त्या बदकाकडे चोरून बघत
मिशा फुटेपर्यंत मोठी झाली.
"जपून काढा," चाचा म्हणाले,
"आमच्या रियाजला हवीय ती."

शेजारची सैल टाइल उचकटून पालथी केली.
पाठीवर चुन्याची खपली, एका अंगठ्याचा ठसा,
आणि भाजण्याआधी काडीनं कोरलेलं वर्तुळ.
"शून्य," मी म्हटलं.
"पाच," चाचा म्हणाले. "अरबी पाच. ओळ पाचवी."
मग दोघांनीही पुन्हा पाहिलं.

कोथरूडला माझी भट्टी,
सोसायटीच्या पार्किंगमध्ये, सेक्रेटरीच्या नजरेआड.
कोबाल्ट चिमूटभर जास्त: सांडलेली दौत.
चिमूटभर कमी: शाळेचा धुऊन विटलेला शर्ट.
तांबं घातलं की मोर. कथील घातलं की ताक.
एक फुटली. एक इतकी देखणी उतरली
की भिंतीतल्या बाकीच्या विझल्या असत्या. ती बाद.
बाराव्या भाजणीला जमलं,
किंवा थकल्यामुळे जमल्यासारखं वाटलं.

बसवायच्या दिवशी, चुना मळता मळता,
महिनाभर अडवून धरलेला प्रश्न निसटला:
"चाचा, यात ठेवतात काय?"
कोनाडा दिसला की माझा हात पणती शोधतो,
काय करणार.
"काही नाही. इथून पलीकडे बघायचं."
"पलीकडे काय आहे?"
त्यांनी बोटांवर मोजलं:
भिंतीमागं कासमचं वेल्डिंग, मग शुक्रवार पेठ,
नदी, कर्वे रस्ता, तुमचं कोथरूड,
चांदणी चौक, मुळशीचं पाणी, घाट, कोकण,
मग समुद्र, पुष्कळ समुद्र. मग मक्का.

मी कोथरूडलाच थांबले होते.
नव्या टाइलच्या पाठीवर मीही
भाजण्याआधी वर्तुळ काढलं होतं.
काय म्हणून, ते त्यांनी विचारलं नाही.
चुना लावला, तळव्यानं दाबली,
डोळे मिटून जरा वेळ तसेच राहिले.
"धरली," म्हणाले.

घरी येऊन मोबाईलमधलं होकायंत्र लावलं.
रेघ ओट्यावरून जाते.
पूर्वेच्या खिडकीतून आत, तिखटाच्या बरणीतून,
पश्चिमेच्या भिंतीतून बाहेर.

पहाटे गॅस पेटवते तेव्हा
तिकडे एक अख्खी रांग उभी असणार,
वेल्डिंगवाला कासम, मिशा फुटलेली पोरं,
माझ्या स्वयंपाकघरातून आरपार
कुठंतरी फार दूर तोंड करून.
मी जराशी बाजूला सरकते.
पण चहा टाकायचाच असतो, परत येते.
दूध वर येतं. उतरवून ठेवते
त्या बाद झालेल्या, देखण्या निळ्यावर.